धाकट्यास काहीही न देण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, व्यवसाय जुन्या सॅक्सोफोनची दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या हाताने, कोणाच्या सांगण्यावरून वा धाकाखाली नव्हे तर राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत टाचला आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येते असेही त्यात लिहिले आहे, पण त्याचा वाटणीशी संबंध नाही. वकीलबाईंनी एका पानाचा नमुना दिला होता. तो वाचून पाहिला, त्यात माणूस कुठेच सापडला नाही, म्हणून माझ्या पद्धतीने लिहितो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एखादे निघालेच तर ते माझ्या भावाची करामत समजावी.

कलम १. दुकानावरच्या दोन खोल्या, त्यातले सामान आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या मुलीला द्यावी. ती शाळेत गणित शिकवते आणि माझ्याशी बोलतानाही फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलते. जिन्याची तिसरी पायरी वाजते, ती तिने दुरुस्त करून घेऊ नये, कोण वर येत आहे ते तिच्यावरून कळते. दर रविवारी मला भेटून निघाल्यावर ती शेजारी काकाकडे चहाला जाते, हे मला ठाऊक आहे. ती समजते की मला ठाऊक नाही. तरीही खोल्या तिच्याच.

कलम २. दुकान वडिलांचे. ते गेल्यावर मी त्याच्या मधोमध प्लायवूडचे पार्टिशन घातले. रस्त्याकडचा अर्धा भाग माझा, मागचा अर्धा धाकट्या भावाचा. पार्टिशन का घातले ते खरे सांगतो. आत शिरलेले गिऱ्हाईक माझ्या टेबलाशी थांबत नसे, मान डोलवून सरळ त्याच्याकडे जात असे. निदान ते दृश्य तरी दिसू नये, एवढाच हेतू होता. मग त्याने मागच्या गल्लीला दार काढले आणि गिऱ्हाईक तिकडून जाऊ लागले. माझा अर्धा भाग मुलीने हव्या त्याला भाड्याने द्यावा, धाकट्याला देऊ नये.

कलम ३. हत्यारे. पोचे काढायचे पोलादी गोळे, सळया, सात हातोड्या आणि सांध्यांना डाग द्यायचा गॅसचा दिवा, हे सर्व जो कोणी हे काम खरोखर शिकू पाहील त्याला मुलीने पारखून द्यावे. एक कानस मात्र कोणालाही देऊ नये. ती खिडकीवर खिळ्याला टांगलेली आहे.

तिची हकीकत अशी. काही जुन्या सॅक्सोफोनच्या नळीवरच्या भोकांची कड सदऱ्याच्या बाहीसारखी बाहेर दुमडलेली असते. चावी दाबली की तिच्यातले चामड्याचे पॅड त्या दुमडीवर अलगद बसते. कड वाकडी असेल तर ती आतून हळूहळू उचलून सारखी करायची, तिथे कानस लावायचीच नाही. कानस चालली की दुमड झिजून उघडी पडते आणि ते भोक पुन्हा जन्मात नीट मिटत नाही. एकोणिसाव्या वर्षी मी कानस चालवली. धाकटा सोळाचा होता, समोर बसून स्प्रिंगा पुसत होता. त्याने पाहिले, पण तो एक शब्द बोलला नाही. वडील ओरडलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "थोरल्या, तुझा हात जड आहे. तू पोचे काढत जा. चाव्या धाकटा बघेल."

त्या एका वाक्यावर पुढची पंचावन्न वर्षे गेली.

कलम ४. माझा धाकटा भाऊ (यापुढे "धाकटा") यास माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. स्क्रू नाही, चिंधी नाही. वकीलबाईंनी सांगितले की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. हे ऐकून मला फार बरे वाटले. सबब धाकट्यास साक्षीदार क्रमांक दोन नेमण्यात येत आहे. त्याने माझ्यासमोर उभे राहून स्वतःच्या हाताने स्वतःचा पत्ता कापावा. कारणे पुढीलप्रमाणे:

(क) पोचा काढला की तो दिसेनासा होतो. दिसेनाशा झालेल्या गोष्टीची कोण तारीफ करणार? धाकटा एक स्प्रिंग केसभर वाकवतो आणि वाजवणारा डोळे मिटून हसतो. ते हसू माझ्या टेबलासमोर कोणी हसले नाही. वडिलांकडून पुढे मी चाव्यांचे कामही चोरून शिकलो, पॅड बसवण्यात माझा हात आज धाकट्याच्या तोडीचा आहे, पण हे सांगणारा मी एकटाच. याला मत्सर म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. होता आणि आहे.

(ख) माझ्या तेलाच्या बाटलीचे बूच. दोन्ही हात चाव्यांत गुंतलेले असले की मी ते दातांनी उपटत असे, त्यामुळे त्यावर माझ्या दातांचे ठसे होते. एकदा हर्नियाच्या ऑपरेशननंतर दवाखान्यातून परतलो तर बाटली उघडी आणि बूच गायब. बाटली कलंडून बारा नवी पॅड तेलात भिजली. पार्टिशनच्या दारातून इकडे येणारा दुसरा कोण होता? विचारले तर म्हणाला, "मी नाही घेतलं, दादा." बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. चोर कुठला.

(ग) माझ्या पत्नीचा टेनर सॅक्सोफोन. ती लग्नाआधीपासून नाचघराच्या ऑर्केस्ट्रात वाजवत असे, सतरा पुरुष आणि ती. वाद्य माझ्या जन्माच्याही आधीचे, चांदीचा मुलामा, दुमडलेल्या कडा, डाव्या करंगळीच्या चाव्या इतक्या लांब की ती वैतागायची. त्याला एक खोड होती. सगळ्यात खालचे दोन सूर धरले की ते घशात पाणी अडकल्यासारखे गुळगुळायचे. मी तीन वेळा ते पूर्ण उघडले. पॅड बदलली, लाख वितळवून प्रत्येक पॅड पुन्हा बसवले, नळीत बारीक दिवा सोडला आणि दुकान अंधारे करून पाहिले. कुठल्याच पॅडच्या कडेने उजेड येत नव्हता. तरी गुळगुळ चालूच. मी दवाखान्यात असताना ती ते धाकट्याकडे घेऊन गेली आणि पंधरा मिनिटांत गुळगुळ थांबली. काय केले विचारले तर हा म्हणतो, "काही नाही रे, थोडं इकडचं तिकडे." ती म्हणाली, "अहो, आता वाजतंय ना? मग झालं तर!" त्यानंतर अठरा वर्षे दर सहा महिन्यांनी ते वाद्य माझ्याकडे सफाईला आले आणि दर वेळी मी त्याने काय केले ते शोधले, फुंकून बघायचे काम मात्र ती स्वतःकडेच ठेवायची. सापडले नाही. ती वर स्वयंपाकघरात खालचा सूर लांबवायची आणि मी खाली बसून जळायचो. माझ्या बायकोच्या श्वासाला वाट करून दिली ती माझ्या भावाने. कोणत्या नवऱ्याला हे गोड लागेल?

(घ) चार वर्षांपूर्वी ती गेली. तिसऱ्या दिवशी, घर माणसांनी भरलेले असताना, धाकटा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दादा, वहिनीचं वाद्य जरा वेळ माझ्याकडे देतोस?" माणूस जाऊन तीन दिवस झाले नव्हते आणि याचा डोळा वाद्यावर. त्या क्षणापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही.

कलम ५. वरील टेनर सॅक्सोफोन. हा शहरातल्या संगीतशाळेला द्यावा, त्यांनी काचेच्या कपाटात ठेवावा आणि कपाटाची किल्ली धाकट्याला कोणत्याही कारणासाठी देऊ नये. वाद्याची ओळख पटावी म्हणून अंगठ्याच्या कडीखालचा नंबर येथे लिहीत आहे:

(येथे लेखनात चार दिवसांचा खंड पडला. नंबर लिहायचा राहिला आहे. वकीलबाईंनी रागावू नये.)

कलम ६. नंबर पाहण्यासाठी मी सकाळी अकराच्या सुमारास पेटी उघडली. ती गेल्यापासून उघडली नव्हती. आत तिचा रुमाल होता आणि माउथपीसवर तिच्या वरच्या दातांच्या दोन खुणा. वाद्य उचलून उलटे केले तर आत काहीतरी गडगडले आणि कर्ण्यातून माझ्या मांडीवर येऊन पडले. बूच. कडेला दातांचे ठसे असलेले, तेलाने काळे पडलेले माझे बूच.

मी काय समजायचे ते समजलो. ही युक्ती आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. जुन्या वाद्याच्या खालच्या वळणात एखादे बूच टाकले की आतली पोकळी थोडी कमी होते आणि गुळगुळ थांबते. मला ती माहीत होती आणि मी तिच्यावर थुंकत होतो. "बाटलीला बूच लावतात, वाद्याला नाही. बूच टाकणारा कारागीरच नव्हे," हे मी घरात, दुकानात, नाचघराच्या मागच्या खोलीत इतक्यांदा बोललो होतो की माझ्यासमोर कोणी बुचाचे नाव काढत नसे.

तरी खात्री करून घेतली. बूच परत आत टाकले, कवळी घट्ट बसवली आणि सगळ्यात खालचा सूर फुंकला. स्वच्छ आला. बूच काढून फुंकला, गुळगुळला. मग मी हातोडीच्या दांड्याने पार्टिशनवर तीनदा ठोकले.

"कोण?" धाकट्याने विचारले. जणू या बाजूला दुसरे कोणी राहते.

"बूच सापडलं," मी म्हणालो.

पलीकडे हत्यार खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मधले दार करकरत उघडले. तो चार वर्षांत चांगलाच वाकला आहे. मला वाटले होते की फक्त मीच म्हातारा झालो.

"तेच काढून घ्यायला मागत होतो रे मी," तो म्हणाला. "तुझ्या हाती लागायच्या आत. वहिनीने बजावून ठेवलं होतं, भावजी, यांना कळू देऊ नका. तुझ्याकडे सफाईला द्यायच्या आधी ती ते काढून पर्समध्ये टाकायची, आणि परत आलं की घालायची. शेवटचं तेवढं काढायचं राहून गेलं."

"म्हणजे अठरा वर्षं दोघांनी मिळून मला मूर्ख बनवलं."

"मूर्ख कशाला? दादा, तुझं एकही पॅड गळत नव्हतं. गळत असतं तर बूच टाकून काय उपयोग झाला असता? त्या वाद्याचं वळणच मोठं आहे, कारखान्यातूनच तसं आलंय. तू नसलेली चूक शोधत बसलास."

हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही. डोक्यात एकच घोळत होते, की तिने हे त्याला सांगितले आणि मला सांगितले नाही. मी म्हणालो, "आणि टाकायला जगात दुसरं बूच नव्हतं? माझंच चोरलंस?"

"मी कुठे चोरलं?" त्याचाही आवाज चढला. "मी माझ्या बाटलीचं काढून देत होतो. वहिनी म्हणाली, थांबा. इकडे आली आणि तुझ्या टेबलावरचं घेऊन गेली. मी म्हटलं, वहिनी, हे त्यानं चावलेलं आहे. ती म्हणाली, म्हणूनच."

त्याने माझ्या टेबलावरचा दिवा सरळ केला, जो सरळच होता. मी रडलो, हे लिहायची गरज नाही असे वकीलबाई म्हणतील. पण मी रडलो.

कलम ७. कलम ४ मधील (ख) आणि (घ) ही कारणे चुकीची निघाली, ती मागे घेत आहे. (क) कायम आहे. (ग) अर्धे कायम आहे. ती सांगू शकली ती त्याला, मला नाही. दोष माझ्या तोंडाचा होता हे कळते, तरी झोंबायचे ते झोंबतेच, आणि मरेपर्यंत झोंबेल. संगीतशाळेला काही देऊ नये, काचेच्या कपाटात पॅड सुकून कडक होतात.

कलम ८. टेनर सॅक्सोफोन माझ्यामागे धाकट्यास द्यावा. अटी दोन. पहिली, त्यातली पॅड मी बसवलेली आहेत, ती फाटेपर्यंत त्याने बदलू नयेत, आणि कोणी वाद्याची तारीफ केली तर पॅड कोणाची ते सांगावे. दुसरी, बूच या वाटणीत धरलेले नाही. ते माझ्या सदऱ्याच्या खिशात घालून माझ्याबरोबर जाऊ द्यावे. धाकट्याने आपले बूच आपण शोधावे.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले. खाडाखोड माझीच आहे.

ठिकाण: दुकानाची रस्त्याकडची बाजू
दिनांक: १४ मार्च, दुपार
(सही) थोरला

साक्षीदार क्रमांक एक: शेजारचा बेकरीवाला (सही, पिठाच्या बोटांनी)

साक्षीदार क्रमांक दोन: डॉक्टरीणबाई (सही). या जागी आधी माझ्या भावाचे नाव होते, ते मी खोडले आहे. तो अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, स्वतःचे पेन घेऊन आला होता. वरचे काही वाचू दिले नव्हते. "कुठे सही करू, दादा?" असे विचारून वाकला, तेव्हा मी त्याच्या हातातले पेन काढून घेतले. साक्षीदाराला काही देता येत नाही.