राक्षसाच्या पेटीची किल्ली

लोणावळा

प्रिय अंबाजी,

अक्काचे अनेक आशीर्वाद. तिकोणा पेठेची हवा तुला आणि सविताला मानवत असेलच. माझे गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकतो कोण?

कळवायचं ते असं, की दोन वर्षं बंद पडलेलं आपलं बालनाट्य पुन्हा उघडलंय. पोरांनी हट्टाने तेच परी-राक्षसाचं जुनं नाटक घेतलंय. परी झालेली तुझी लेक समीक्षा तापाने गेली, तेव्हापासून लोकांनी त्याला अपशकुनी ठरवलं. (पूर्वी एका प्रयोगात छपराचे पत्रे उडाले होते, तेही आता बिचाऱ्या राक्षसाच्याच माथी. इथल्या वाऱ्याला कुणी बोल लावत नाही.) पोरं मात्र ऐकेनात. आता परी आहे शुभदा आणि तुझ्या जागी राक्षस तिचे आजोबा, भिकाजीराव. स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करून निवृत्त झालेला माणूस! डरकाळीही अशी सभ्यपणे फोडतात, की पोरं कुठली गाडी आली म्हणून मागे वळून बघतात.

जुना मुखवटा पेटीत आणि पेटीची किल्ली तुझ्याकडे, म्हणून चिक्कीच्या रिकाम्या खोक्यांचा नवा केला. खोक्यांना गूळ लागलेला होता, ते आमच्या ध्यानात आलं नाही, मुंग्यांच्या आलं. रंगीत तालमीत परीला पळवायच्या ऐन वेळी राक्षस असा थयथया नाचला, की शेवटी परीनेच त्याला हाताला धरून बाहेर नेलं. पोरं हसून लोळली. मीही हसले आणि मग विंगेत जाऊन रडले. आपली समीक्षा असती तर तिने मुंग्यांनाही नाटकात काम दिलं असतं. फार आठवण येते रे तिची.

राक्षसाने आधी चिमुरड्यांत बसून, त्यांच्यादेखत मुखवटा चढवायचा, म्हणजे ती घाबरत नाहीत, ही तुझीच पद्धत. भिकाजीरावांनीही तसंच केलं. तरी सरुबाईची चैताली मला विचारते, "आज्जे, ह्यो न्हाई. आपला राक्षस कुटं गेला?"

तेवढी किल्ली दुधाच्या गाडीवर पाठव. रविवारी प्रयोग आहे. तू यायलाच हवं असं काही नाही.

तुझी,
लीलाअक्का

ता. क. दूधवाला विसरभोळा आहे. किल्ली तूच घेऊन ये.

आणखी एक. किल्ली नसली तरी चालेल. कुलूप गंजलं होतं, ते मी केव्हाच तोडलंय. मुखवटा धड आहे. राक्षसाला आत एकट्याला भीती वाटू नये म्हणून समीक्षा दर प्रयोगाआधी आतून एक टिकली चिकटवायची ना, त्या सगळ्या अजून तशाच आहेत. दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर तो चढवायला माझा हात धजत नाही. ये.