दुसऱ्या जिन्याचं दार

अप्पा, तुमचं म्हणणं आता सरकारचं म्हणणं झालं आहे. तेवढं सांगायलाच बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हा विश्रांतवाडीत अशा उंच इमारती नव्हत्या. आता त्यातल्याच एकीत मी सहाव्या मजल्यावर राहते. राज्य सरकारनं स्वीकारलेल्या बांधकाम नियमावलीत स्वच्छ लिहिलं आहे, की सुटकेच्या वाटेवरचं दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, त्याला कुलूप नको, आणि जिन्यात काही म्हणजे काही ठेवायचं नाही. वाचताना तुमचाच आवाज ऐकू येत होता. फरक एवढाच, की सरकार ओरडत नाही.

खडकीच्या क्वार्टर्समधलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही दारूगोळ्याच्या कारखान्यात. तिथं खिशात काडेपेटी सापडली तर नोकरीवर गदा, आणि दार ढकललं की बाहेरच उघडणार. ते डोक्यात घेऊन तुम्ही घरी आलात आणि सुताराकडून स्वयंपाकघराचं दार उलटं बसवून घेतलंत. स्टोव्ह भडकला तर आईला दार ओढत बसावं लागू नये, एवढंच कारण दिलंत. शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या की दार त्यांच्या अंगावर. "वहिनी, तुमच्याकडे यायचं म्हणजे आधी मागं सरकायचं!" असं त्या म्हणायच्या आणि अख्खे क्वार्टर्स हसायचे. तुम्ही नाही हसलात. मीही नाही, कारण शाळेत मला त्यावरून चिडवायचे.

आणि तो दिवस. मी कॉन्व्हेंटच्या गणवेशात धावत येते आहे, हातात पाठांतराच्या स्पर्धेतला कप, दप्तर पायरीवर टाकून तुम्हाला हाक मारते आहे. तुम्ही कपाकडे बघतही नाही. "आधी दप्तर उचल. जिना म्हणजे फडताळ नाही." त्याचा राग अजून आहे, अप्पा. दप्तर उचलायला लावायचं होतं तर लावायचं. कप बघायला किती वेळ लागला असता?

आमच्या इमारतीला दोन जिने आहेत. दुसरा आगीच्या वेळेसाठी. त्याच्या तळाशी, बरोबर बाहेरच्या दाराला टेकून, सोसायटीनं गणपतीचं देऊळ बांधलं. वर चांदीचं छत्र आलं, छत्र आलं म्हणून लोखंडी जाळी आली, जाळी आली म्हणून कुलूप आलं. म्हणजे वरून जीव मुठीत घेऊन उतरायचं आणि खाली जाळीला धरून आरती म्हणायची. माझ्या वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या एक आजी आहेत. त्यांना कुठून उतरवणार, असं मी सभेत विचारलं आणि देऊळ बागेत हलवायचा ठराव मांडला.

अध्यक्ष म्हणाले, "अहो मॅडम, इतक्या वर्षांत आग लागली का कधी?"

"तुम्हीही इतक्या वर्षांत मेला नाहीत. विमा काढलाय ना?"

मागून एक बाई म्हणाल्या, "देवाला हलवणं अपशकुनी असतं हो."

"दर वर्षी नदीपर्यंत नेतो तेव्हा चालतं, आणि बागेपर्यंत नेलं तर कोपेल?"

अध्यक्षांनी मग हुकमाचा पत्ता टाकला. नियम इंग्रजीत आहेत, किचकट आहेत, आपल्याला कळायचे नाहीत. तिथं मला तुमची आठवण आली. "मुलीला कॉन्व्हेंट कशाला?" म्हणून सगळे नातेवाईक नाकं मुरडत होते आणि तुम्ही ऐकलं नाहीत. मी उभी राहिले आणि ती कलमं आधी इंग्रजीत, मग मराठीत वाचून दाखवली, शाळेत उच्चारांसाठी हातावर पट्टी खाल्लेल्या बाईच्या आवाजात. तरी ठराव फेटाळलाच. मी अग्निशमन खात्याकडे अर्ज केला.

अधिकारी पाहणीला आले. तरुण, शांत माणूस. "जाळी उघडा," म्हणाले. अध्यक्षांनी खिसे चाचपले. किल्ली गुरुजींकडे होती. आणि गुरुजी नारायण पेठेत कुणाच्या वास्तुशांतीला गेले होते.

"काका," अधिकारी म्हणाले, "आग लागली की गुरुजींना फोन करणार का? आणि ते मध्येच संकल्प सोडून येणार?"

माझ्या आयुष्यात इतकं गोड वाक्य मी ऐकलेलं नाही.

नोटीस निघाली. महिन्याच्या आत गणपती ताशाच्या गजरात बागेतल्या नव्या देवळात गेला, तिथं त्याला हवाही जास्त लागते. जाळी निघाली, दार बाहेरच्या बाजूला उघडणारं बसवलं, जिन्यातले चपलांचे स्टँड आणि मेलेल्या तुळशींच्या कुंड्या गेल्या. परवा सराव झाला. घंटा वाजली आणि सगळी इमारत त्या जिन्यानं खाली उतरली. आजींना दोन नातवांनी खुर्चीत बसवून आणलं. त्या उन्हात डोळे मिचकावत म्हणाल्या, "अगो बाई, बागेत गुलाब कधी लावले?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही पाहायला हवं होतं. तुमच्यावर हसलेल्या प्रत्येकाला मी त्या दारातून ओळीनं चालवत नेलं असतं.

मी सर्वांत शेवटी बाहेर आले. सगळ्यांना सांगितलं, की वर कुणी राहिलं नाही ना ते बघत होते. सगळ्यांना पटलं, इमारतीत माझं नावच तसं झालं आहे. खरं म्हणजे तिसऱ्या मजल्यावर माझे गुडघे अडले होते. कठडा धरून उभी होते, तेव्हा अध्यक्ष परत वर चढून आले. त्यांनी नुसता दंड पुढं केला. मी तो धरला आणि खालपर्यंत सोडला नाही. बाहेर पडायच्या एक पायरी आधी त्यांनीच हलकेच सोडवून घेतला, मला एकटीला बाहेर पडता यावं म्हणून.

हे इथं कुणाला सांगणं मला जमायचं नाही. तुमच्यापर्यंत हे पत्र पोचणार नाही, म्हणून लिहिता आलं.