शेवटच्या बरगडीखाली

३ जानेवारी १९९७, लिंबायत

काल दुपारी भुसावळ-सुरत पॅसेंजरने उधन्याला उतरलो. निंबादाजी फलाटावर उभे होते. पेटी त्यांनी मला उचलू दिली नाही. रिक्षावाला पारोळ्याकडचा निघाला, त्यामुळे घरापर्यंत अहिराणीच चालली. दुकानांच्या पाट्या वाचल्या तेव्हा कुठे आपण गुजरातेत आलोय हे जाणवलं.

रंजनाताईने दारातच माझ्या तोंडावरून हात फिरवला. "कितला वायी गया रे भाऊ," किती वाळलास म्हणाली आणि लगेच आत जाऊन ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी टाकायला बसली. आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. ताई अकराची. तिनेच मला कडेवर वाढवलं. आता तिची मुलगी नंदुरबारला दिलेली, म्हणून घरात ही दोघंच. खाली स्वयंपाकघर, वर पत्र्याची खोली. ती माझी. खिडकीतून गल्लीतला नळ दिसतो.

वही डॉक्टरांच्या सांगण्यावरून सुरू करतोय. ऑगस्टमध्ये धुळ्याला माझं मूतखड्याचं ऑपरेशन झालं. उजव्या कुशीत, पाठीपासून पोटापर्यंत वीतभर चिरलं, शेवटच्या बरगडीचा तुकडा काढला. खडा निघाला. टाके भरले. दुखणं मात्र राहिलं. तिथे कोणीतरी आकडा अडकवून ठेवलाय आणि मधून मधून ओढून बघतंय, असं. सदरा घासला तरी कळ येते. शिंक आली की खाली बसावं लागतं. जिनिंगमधलं काम त्यामुळेच सुटलं. डॉक्टर म्हणाले, रोज दहापैकी किती दुखलं ते लिहा, आणि कमी झालं तर त्या वेळी काय घडत होतं तेही लिहा.

आज पाच. प्रवासातही पाचच. सुरत मानवेल असं वाटतंय.

९ जानेवारी

दाजींनी पर्वत पाटियाजवळच्या लूमच्या कारखान्यात ताके तपासायचं काम लावून दिलं. बसून काम आहे. तिरप्या काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट, वरून कापड सरकत जातं. तुटलेला धागा, तेलाचा डाग दिसला की खडूने खूण करायची. आवाज इतका की बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं. मला ते बरं वाटतं. कोणी कसं वाटतंय म्हणून विचारत नाही.

शेजारच्या चार लूम लोटू चालवतो. चोपड्याचा आहे. मी पहिल्याच दिवशी टेबलाला धरून उभा राहिलो ते त्याने पाहिलं. दुसऱ्या दिवशी चिंध्या भरून एक उशी शिवून आणली आणि न बोलता माझ्या खुर्चीत ठेवली. बाकीचे म्हणतात, दिसतो तर धडधाकट. ऐकून ऐकून सवय झाली आहे. दुखणं कोणाला दाखवता येत नाही.

सहा.

१४ जानेवारी

आज एक विलक्षण गोष्ट झाली.

इथे संक्रांतीला सगळं शहर गच्चीवर असतं. आम्हीही शेजारच्यांच्या गच्चीवर गेलो. उंधियू, जिलेबी, पतंग. मी पाण्याच्या टाकीला टेकून बसलो होतो, सातच्या आसपास दुखत होतं. दाजींचा पतंग कोणीतरी काटायला आलं, त्यांनी जोरात ढील दिली आणि काचेचा मांजा त्यांच्या तर्जनीत हाडापर्यंत गेला. रक्त उडून माझ्या चपलेवर पडलं.

आणि माझी कळ थांबली. कमी झाली नाही, थांबली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. मी उठलो, वाकून चिंधी उचलली, दाजींचं बोट बांधलं. ताई हसून म्हणाली, बघा, पाहुणा बरा झाला. मी जिना दोनदा चढलो उतरलो. संध्याकाळी जेवताना हळूहळू परत आलं.

गच्चीवरच्या हवेमुळे असेल. शून्य. वहीत पहिलं शून्य.

१९ जानेवारी

आठ. ताईने बळेच इथल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो पाहिले, बोटाने दाबलं. मी ओरडलो. आत काही नाही म्हणाले. कापताना नस दुखावली असेल, ती अशीच राहणार, तिच्यासोबत जगायला शिका. वय विचारलं. एकतीस सांगितल्यावर त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी लिहिली.

घरी ताईने मीठ भाजून पुरचुंडीत बांधलं आणि दुपारभर शेक दिला. दुखस का, दुखस का, विचारत होती. मी नाही म्हणत होतो.

२३ जानेवारी

कारखान्यात धोटा उडाला. कापडातून इकडून तिकडे धावणारा हा लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंड. तो निसटून पलीकडच्या रांगेतल्या दगा नावाच्या कारागिराच्या तोंडावर बसला. समोरचे दात गेले. त्याने ते हातात घेतले आणि मोजल्यासारखे बघत बसला. सगळे धावले. मी जागेवरच होतो, कारण त्याच क्षणी माझ्या कुशीतला आकडा निघून गेला होता.

नऊ तास. नऊ तास मी माणूस होतो. उजव्या कुशीवर झोपलो.

सकाळी वहीतली संक्रांतीची नोंद काढून वाचली. मग वही मिटून ठेवली. पुन्हा काढली.

२७ जानेवारी

नऊ. खोटं ठरावं म्हणून सगळं करून पाहिलं. ब्लेडने स्वतःची मांडी कापली. काही नाही, दोन दुखणी झाली. सरकारी दवाखान्यात अपघाताच्या वॉर्डाबाहेर तीन तास बसलो. लोक आत येत होते, विव्हळत होते. काही नाही. जखम माझ्यासमोर व्हायला हवी.

पिंजऱ्यात उंदीर सापडला होता. मागच्या मोरीत दगडाने ठेचला. सात मिनिटं. ताईने पाहिलं, म्हणाली, एवढा कशाला ठेचलास.

मला आनंद झाला नव्हता. हे लिहून ठेवतो. फक्त आकडा निघाला होता.

२ फेब्रुवारी

लिहिलं नाही तर ते घडलंच नाही असं मी उद्या स्वतःला सांगेन. म्हणून लिहितो.

सकाळपासून दहा. घामाने कापड ओलं झालं, मालक ओरडला. लोटूची तिसरी लूम बंद होती. आत धागा तुटला होता आणि तो सांधायला त्याने उजवा हात ताण्याच्या उभ्या धाग्यांत घातला होता. मी तयार ताका उचलायला त्याच्या मागून चाललो होतो. लूम सुरू करायचं हँडल माझ्या कमरेपाशी होतं.

मी ते ओढलं.

धागे ठोकणारी फणी आली, मागोमाग धोटा. लोटूचा आवाज लूमच्या आवाजात ऐकूसुद्धा आला नाही. तोंड उघडलेलं दिसलं फक्त. पांढऱ्या कापडावर लाल पट्टा उमटत गेला, अर्धा हात, एक हात. मग मीच लूम बंद केली. मीच माझा गमछा त्याच्या मनगटाला आवळला. मीच त्याला उचलून रिक्षात घातलं. उचललं. साठ किलोचा माणूस.

सगळे म्हणाले, धक्का लागून हँडल पडलं असणार. जुनी लूम आहे.

शून्य.

५ फेब्रुवारी

अजून शून्य. केळी घेऊन लोटूला भेटायला गेलो. दोन बोटं काढली, तिसरं वाकडं राहील. त्याने डाव्या हाताने माझा हात धरला. म्हणाला, "तू व्हता म्हनीसन मी वाचनू."

मी उठायला लागलो तर त्याने सोडलं नाही. हळू आवाजात विचारलं, भाऊ, तुला ठाऊक असेल म्हणून विचारतो. "ज्या बोटं नहीत त्याच दुखतस. असं ऱ्हास का?"

मी म्हणालो, असतं. किती दिवस, असं त्याने विचारलं.

मी हात सोडवून घेतला, केळी त्याच्या उशाशी ठेवली. जिना धावत उतरलो. कुशीत काहीच दुखलं नाही.

८ फेब्रुवारी

परत आलं. दहाच्या वर आकडा नाही म्हणून दहा. गोळ्या चार घेतल्या, उतार नाही. कामावर गेलो नाही. भीती वाटते. रस्त्यावर माणसं दिसली की त्यांचे हात दिसतात. गुडघे. मान.

ताई गव्हात हात घालून खडे निवडत होती. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. ती म्हणाली, काय बघतोस. मी वर येऊन कडी लावली.

११ फेब्रुवारी

दाजींनी वही वाचली.

मी खाली अंघोळीला होतो. वर आलो तर ते खाटेवर बसलेले, वही मांडीवर उघडी. बोटावर मांज्याची खूण अजून आहे. म्हणाले, लोटूला बायको आहे, लहान मुलगी आहे. एवढंच. मग त्यांनी मला मारलं. तोंडावर, छातीवर, नेमकं उजव्या कुशीत. मला सगळं पांढरं दिसलं. ते म्हणाले, लोटूच्या भावांना आणतो, त्यांच्यासमोर बोल. आणि जिना उतरायला लागले.

जिन्यापाशी कपडे धुवायची मोगरी होती.

गुडघ्यावर मारलं. मागून. एकदा, मग ते पडल्यावर पुन्हा. गुडघ्याची वाटी फुटल्याचा आवाज वेगळाच असतो. सुपारी फुटावी तसा. ते ओरडत होते आणि मी ताठ उभा राहिलो. पूर्ण ताठ. खांदे सरळ. डोळे मिटले गेले.

उघडले तर खाली ताई उभी. तिने दाजींकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्या तोंडाकडे फार वेळ बघत राहिली.

गल्लीतले जमले तेव्हा तीच म्हणाली, जिन्यावरून पडले.

१२ फेब्रुवारी

दाजी दवाखान्यात. पाय प्लास्टरमध्ये. ते कोणाशी बोलत नाहीत म्हणे. ताई डबा देऊन आली. वही खाटेवर होती, आता उशीखाली आहे. तिनेही वाचली असणार.

या वेळी चारच तास पुरलं.

तिला म्हणालो, नंदुरबारला मुलीकडे जा. आजच. ती भांडी घासत राहिली.

१३ फेब्रुवारी

कडी लावून घेतली आहे. बाहेरून कुलूप घाल म्हणून ताईला सांगितलं, तिने घातलं नाही. ती दाराबाहेर बसली आहे. सकाळपासून. बांगड्या वाजतात.

ओरडायचं नाही म्हणून तोंडात टॉवेल—

दुपार. पोलिसात जाईन म्हणालो. सगळं सांगेन. ती म्हणाली, तिथे कोठडीत अजून माणसं असतील. मग?

ते मला सुचलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी

बसता येत नाही. गुडघ्यावर लिहितो—

ती दारातून बोलते आहे. हळू. लहानपणी बोलायची तसं. म्हणते, लोकांना आता हात लावायचा नाही. "तुन्हा दाजीले बी नको. बाहेरना कोनले नको. मन्हा ले."

नाही म्हणालो. नाही म्हणालो. भिंतीवर डोकं—

म्हणते, बाळंतपण सोसलं, हे काय आहे. म्हणते, माझा डावा हात घे. उजव्याने स्वयंपाक करेन.

म्हणते, परवा मी तुझं तोंड पाहिलं. तेरवा. आई होती तेव्हाचं तोंड.

कडी मी काढली का? आठवत नाही. मीच काढली असणार.

१४ फेब्रुवारी, नंतर

ताई खोलीत आहे. खालचा पाटा वर आणला आहे. कसा आणला एकटीने. दार लावून घेतलं. बांगड्या एक एक काढून खिडकीत ठेवल्या, फुटू नयेत म्हणून. पदर दातांत धरला आहे. डावा हात पाट्यावर. पंजा उघडा.

वरवंटा माझ्या बाजूला ठेवला.

बाहेर नळावर बायका बोलताहेत. ऊन आहे.

मी उचलणार नाही. उजवा हात लिहिण्यात गुंतला आहे. लिहीत राहिलो तर उचलता येणार नाही. म्हणून लिहितो. काहीही लिहितो. खोली पत्र्याची आहे. खिडकी एक आहे. ताई माझ्याकडे बघते आहे. तिने पंजा पाट्यावरून हलवलेला नाही. मी लिहितो आहे. ताई, मी लिहितो आहे. तिने पदर तोंडातून काढला. म्हणते, किती वेळ सोसशील. म्हणते, आण इकडे. ती पुढे वाकली. उजव्या हाताने माझ्या बोटांतून पेन—