निघायची तारीख

ता. ३ फेब्रुवारी

चि. धांदल्यास,
अनेक आशीर्वाद.

मंगळावर जाणाऱ्या तुझ्या यानाची आकडेमोड सोबत पाठवते आहे. नेहमीप्रमाणे सातवीच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूला केली आहे. पुढच्या बाजूची उत्तरं चुकून यानाला लावू नकोस, त्या मुलाला मी दहापैकी दोन दिले आहेत.

तुझ्या हस्तलिखितात यान तीन आठवड्यांत मंगळावर पोचतं. अरे, भाजी आणायला जायचं आहे का? साडेआठ महिने लागतात. आणि निघताना मंगळ जिथे दिसतो तिथे नेम धरायचा नसतो, कारण तेवढ्या वेळात तोही पुढे चालत राहतो. तो जिथे पोचणार असेल तिथे आपण पोचायचं असतं. हे मी तुला सहाव्या पुस्तकापासून सांगते आहे. सगळं मोजून सतरा ऑगस्टला यान सोडलं आहे.

मेअखेर मी शाळेतून निवृत्त होते. मग महिनाभर तुमच्याकडे राहायला येईन म्हणते. पाच जूनची गाडी पाहून ठेवली आहे.

आता एक मागणं. बावीस वर्षं झाली, अकरा कादंबऱ्या झाल्या, शिवाय साप्ताहिकातलं तुझं अंतराळप्रवासाचं सदर. सगळीकडे गणित माझं आणि नाव तुझं. या बाराव्या पुस्तकावर माझंही नाव छाप. बारीक अक्षरात चालेल, पण लेखक म्हणून छाप. मी हे पहिल्यांदाच मागते आहे आणि मागायला लागलं याचाच मला राग येतो आहे.

वहिनीला आशीर्वाद. माझा लोभ आहेच, त्याला गृहीत धरू नकोस.
तुझी ताई

ता. क. निघायची तारीख फार विचार करून ठरवली आहे. ती काही झालं तरी हलवायची नाही.


ता. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आणि गणित मिळालं. तुझ्यासारखी बहीण असल्यावर माणसाला दुसऱ्या ग्रहावर जायला कसली भीती?

नावाचं मी प्रकाशकांकडे काढलं होतं. ते म्हणाले, दोन नावं दिसली की वाचकाला ते पाठ्यपुस्तक वाटतं. त्यांच्यापुढे मी काय बोलणार? म्हणून मधला मार्ग काढला आहे. अख्खं पुस्तक तुलाच अर्पण केलं आहे: ‘ताईस, जिच्या मायेच्या सावलीत हे यान उडाले.’ लिहिताना मला गहिवरून आलं.

तारखेची काळजी सोड. तू एवढं बजावून लिहिलंस म्हणून हिला ताबडतोब सांगून टाकलं. मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे, माझी पुस्तकं आता जिन्यात आहेत आणि येताजाता मी त्यांना ठेचकाळतो आहे. तुझी तारीख कोण हलवतो तेच बघतो.

कादंबरीत थोडी डागडुजी चालू आहे. निरोप घेताना नायिकेच्या तोंडातून वाफ निघायला हवी, ती ऑगस्टात कुठून निघणार? असो, ते माझं मी बघतो, एवढ्यातेवढ्यासाठी तुला त्रास देत नाही.

आहे तो लोभ रागातही राहू दे.
तुझा धांदल्या


ता. २ मार्च

चि. धांदल्यास,
आशीर्वाद. या खेपेला एकच.

मायेच्या सावलीत यान उडत नाही. ते इंधनावर उडतं आणि किती इंधनावर, ते मी सात पानं भरून तुला लिहून दिलं आहे. ती अर्पणपत्रिका काढून टाक. मला गोंजारून घ्यायचं नव्हतं.

परवा निवृत्तीचे कागद भरले. त्यात एक रकाना होता, प्रकाशित लेखन. मी बराच वेळ पेन धरून बसले आणि शेवटी आडवी रेघ मारली. आमचे कारकून चेष्टेनं म्हणाले, बाई, भाऊ एवढे मोठे लेखक, तुम्हाला त्याची लागण कशी झाली नाही? सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. घरी येऊन मात्र तुझी अकराच्या अकरा पुस्तकं कपाटात उलटी फिरवून ठेवली, नाव दिसायला नको म्हणून.

पुस्तक छापून झालं की एक प्रत पाठव. नाही पाठवलीस तरी चालेल.

लोभ सध्या आहे तेवढाच. वाढवायचा की नाही, ते तू ठरव.
ताई


ता. १२ मे

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

यांच्याऐवजी मीच लिहिते आहे, कारण हे दोन दिवसांपासून डोक्याला रुमाल बांधून पडले आहेत.

पुस्तक येऊन तीनच आठवडे झाले आणि पत्रांनी पोस्टमन वैतागला आहे. निवृत्त वैमानिक, वेधशाळेतले एक गृहस्थ, एका शाळेचा अख्खा वर्ग, सगळ्यांचं म्हणणं एकच. यान मंगळाच्या कक्षेत पोचतं तेव्हा मंगळ तिथे नसतोच. तो एकवीस कोटी किलोमीटर मागे असतो. मुलांनी तर आकृत्या काढून पाठवल्या आहेत. साप्ताहिकाचे संपादक आता सदर बंद करायचं म्हणतात. ज्याला मंगळ सापडत नाही, त्याच्याकडून वाचकांनी काय शिकायचं, असं ते यांना तोंडावर म्हणाले.

झालं काय, तर यांनी त्या वाफेपायी यान ऑगस्टातून उचलून डिसेंबरात ठेवलं. मी विचारलं, वन्संना विचारायचं नाही का? तर म्हणतात, ताईनं कुठे बजावलं होतं? मग मी तुमचं फेब्रुवारीचं पत्र काढून तो ता. क. नाकासमोर धरला. यांना तो तुमच्या गाडीबद्दल वाटला होता. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं. तुमच्या तारखेसाठी मी माझ्या सख्ख्या बहिणीला जूनमध्ये येऊ नको म्हणून कळवलं.

आणखी एक आहे. बाहेरून कळण्याआधी मीच सांगते. वर्तमानपत्राचा वार्ताहर आला होता. त्यानं फार टोचलं तेव्हा हे बोलून गेले की आकडेमोड माझी थोरली बहीण करते. नाव सांगितलं, शाळाही सांगितली. कात्रण सोबत आहे. मी एक दिवस यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलले, त्यापेक्षा न बोललेलं बरं होतं, असं हे म्हणतात.

तुम्ही आमच्यावर चिडा, पण आम्हाला टाकू नका, एवढंच मागणं.
तुमची वहिनी


ता. १७ मे

धांदल्या,

आशीर्वाद वगैरे वहिनीला. तुला नाही.

बावीस वर्षं गणित बरोबर येत होतं तेव्हा ते तुझं होतं. एकदा चुकलं तर माझं झालं. आणि ते मी चुकवलेलंही नाही. माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापून आलं आणि ते अशा रीतीनं आलं.

मी कधीपासून गाड्यांच्या वेळापत्रकावर फार विचार करायला लागले? पाच जूनची गाडी पकडायला कसला विचार लागतो? पण चूक माझीही आहे. तुला पत्र लिहिताना ‘यान’ हा शब्द गाळून चालत नाही, हे मला या वयात कळायला हवं होतं. तू चूक केलीस त्याचं मला काही नाही, चुका मी चौतीस वर्षं तपासल्या आहेत. तू ती माझ्या अंगावर ढकललीस.

काल सुट्टीतल्या जादा वर्गात शिरले तर फळ्यावर मंगळ काढलेला आणि खाली लिहिलेलं, ‘बाई, इकडे’. मी तो पुसला आणि शिकवायला लागले. शेवटचे पंधरा दिवस उरले होते माझे, तेवढे तरी धड जाऊ द्यायचे होतेस.

गाडीचं तिकीट परत केलं आहे. पुढच्या पुस्तकाचं गणित दुसऱ्या कोणाकडून करून घे.

लोभाचं काही लिहीत नाही.
ताई


ता. १ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितो आहे. आधीच्या तिन्हींमध्ये मी स्वतःची बाजू मांडली होती, म्हणून हिनं ती फाडली.

प्रकाशकांना मी तुझ्या नावाचं विचारलंच नव्हतं. ते पाठ्यपुस्तकाचं मीच रचलं. लोक मला अंतराळातला जाणकार म्हणतात, सभांना बोलावतात, आणि मला साधं त्रैराशिक तुझ्याशिवाय सुटत नाही. तुझं नाव छापलं की ते सगळ्यांना कळेल, याला मी बावीस वर्षं घाबरत आलो. वार्ताहरासमोरही तेच झालं, स्वतःची कातडी वाचवली. मला लाज वाटते, ताई.

संपादकांनी शेवटचं सदर लिहून द्या म्हटलं. त्यात चूक कोणाची, हे सरळ लिहिलं आणि तुझी सातही पानं तुझ्या अक्षरात जशीच्या तशी छापायला लावली. अंक गेल्या आठवड्यात निघाला. आता संपादक म्हणतात, सदर चालू ठेवू, पण ताईंचं नाव वर हवं.

न विकल्या गेलेल्या प्रती प्रकाशकांच्या गोदामात होत्या. पाच दिवस तिथे बसून आम्ही दोघांनी प्रत्येकीत हे चिकटवलं आहे. माझी बोटं अजून एकमेकांना चिकटतात.

शुद्धिपत्र
पान ३१. अशुद्ध: सतरा डिसेंबर. शुद्ध: सतरा ऑगस्ट.
पान ३१. अशुद्ध: तिच्या तोंडातून वाफ निघत होती. शुद्ध: तिला घाम आला होता.
मुखपृष्ठ. अशुद्ध: लेखक एक. शुद्ध: लेखक दोन.

त्याखाली तुझं पूर्ण नाव आहे, माझ्याएवढ्याच अक्षरात.

लोभ मागायचं तोंड नाही. मागतो आहे.
तुझा धांदल्या


ता. ९ जून

चि. धांदल्यास,
अनेक आशीर्वाद.

राग गेलेला नाही, हे आधी लिहिते. तू माझ्याशी खोटं बोललास, ते मी इतक्यात विसरणार नाही. पण पत्र तीनदा वाचलं. शुद्धिपत्र किती वेळा वाचलं, ते सांगणार नाही.

परवा इथल्या पुस्तकांच्या दुकानात सहज डोकावले. तुझं पुस्तक होतं, पण आधी आलेली प्रत, आत काही चिकटवलेलं नव्हतं. मला राहवलं नाही. पिशवीतून पेन काढलं आणि उभ्या उभ्या डिसेंबर खोडून ऑगस्ट केलं. दुकानदार धावत आला. म्हणाला, एवढ्या शिकल्यासवरल्या दिसता आणि दुकानातल्या पुस्तकात लिहिता? मी म्हणाले, हे माझं पुस्तक आहे. तो म्हणाला, अजून घेतलेलं नाहीत तुम्ही. मग मला सांगावं लागलं की मी याची लेखिका आहे. हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाले आणि माझाच आवाज मला कोणा दुसरीचा वाटला.

त्याचा विश्वास बसेना, तेव्हा तू पाठवलेलं शुद्धिपत्र दाखवलं. त्यानं ते नीट वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि तीच प्रत पुढे करून म्हणाला, मग सही करून द्या. लेखक सही कुठे करतात, ते मला माहीत नव्हतं. त्यानंच पान उघडून बोट ठेवून दाखवलं.

लोभ आहे.
तुझी ताई