शिडीवरचे बूट

४ फेब्रुवारी

बूट! पुन्हा बूट. आज सासरेबुवांनी परत तेच सांगितलं — चित्रात शिडीवरून खाली येणारे बूट दाखव, आणि वरचं झाकण उघडं ठेव.

अहो, पाणबुडी पाण्याखाली आहे! मी एवढंच म्हणाले, "बाबा, पाणी येईल ना आत?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी बरळले. मग चहा मागितला.

मला आता संशय येतोय. हा माणूस पाणबुडीत खरंच होता का?

५ फेब्रुवारी

शांतपणे लिहिते. संग्रहालयाच्या भिंतीवर माझं चित्र लागणार — युद्धातली पाणबुडी, आतला मुख्य कक्ष, हल्ल्याचा क्षण. कोण कुठे बसतो, अंगात काय घालतो, सगळं अचूक हवं. मागच्या चित्रात खलाशांच्या टोप्या चुकल्या आणि ते भिंतीवरून उतरवलं. आता पुन्हा चूक झाली तर मला दारात कोण उभं करणार!

चित्राखाली सल्लागार म्हणून सासऱ्यांचं नाव, आणि सुकाणूवाल्याला त्यांचा तरुणपणीचा चेहरा — ही नवऱ्याची हौस. बाबा युद्धात पाणबुडीचं सुकाणू धरायचे, हे ऐकतच तो मोठा झालाय. सगळ्या नातेवाइकांना उद्घाटनाचं सांगूनसुद्धा बसलाय. बाजारात तुरी...

८ फेब्रुवारी

कपड्यांचं मात्र त्यांचंच खरं निघालं. मी सगळ्यांना पांढरेशुभ्र, इस्त्रीचे गणवेश घातले होते. ते पोट धरून हसले. म्हणाले, आत भट्टी असते. बनियन, अर्धी चड्डी, गळ्यात टॉवेल, पायात आवाज न करणारे कापडी जोडे. पांढरे कपडे बंदरात, फोटोपुरते.

संग्रहालयात एक निवृत्त नौदल अधिकारी आहेत, मी मनातल्या मनात त्यांना मिशीवाले म्हणते. त्यांनी जुने फोटो काढून दाखवले. तंतोतंत!

पण फोटो काय, कुणीही पाहू शकतं.

११ फेब्रुवारी

बाबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कप मांडून कक्ष लावला. एक कप म्हणजे एक माणूस. कप्तान पेरिस्कोपपाशी. सुकाणूवाला पुढे. पाणबुडी वर-खाली करणारे दोघे शेजारी शेजारी, मोठ्या चाकांवर हात, नजर पाण्याची खोली दाखवणाऱ्या काट्यावर. समुद्रातले आवाज ऐकणारा कोपऱ्यात, कानाला यंत्र. सगळे बसले आणि एक कप उरला.

हा कोण, विचारलं. म्हणाले, हा येतोय वरून. कप टेबलाच्या अगदी काठावर ठेवला. पडेल म्हणून मी उचलायला गेले तर माझं मनगटच धरलं!

आणि त्यांचा स्वतःचा कप? "मी काय, असेन इथेच कुठेतरी." सुकाणूचं चाक कुठल्या हाताला होतं, तेही धड सांगता येईना. म्हणे सुकाणू धरायचे! कुठेतरी पाणी मुरतंय.

१२ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. "माझा बाप खोटारडा?" एवढं म्हणून ताटावरून उठला. तेव्हापासून अबोला.

१५ फेब्रुवारी

आता माझी नजरच तशी झाली आहे. त्यांचं सगळं तपासत बसते.

उदाहरणार्थ दारं. सासरेबुवा घरातलं कुठलंच दार लावत नाहीत. न्हाणीघराचंसुद्धा नुसतं लोटतात आणि आत आहोत हे कळावं म्हणून खोकत राहतात. घरात यावरून केवढी थट्टा चालते! आज मला हसू आलं नाही. लोखंडी डब्यात बंद होऊन समुद्र पालथा घालणारा माणूस न्हाणीघराच्या कडीला घाबरतो?

१७ फेब्रुवारी

मिशीवाल्यांना आडून आडून विचारलं — पाण्याखाली झाकण कधी उघडं असतं का हो? ते मिशीत हसले. म्हणाले, पाणबुडी पाण्यावर असताना काही जण वर टेहळणीला उभे असतात. डुबकीचा हुकूम सुटला की ते शिडीवरून धडाधड खाली येतात. शेवटी येणारा झाकण ओढून लावतो. मग ते कुणासाठीही उघडत नाही. "तुमच्या सासऱ्यांना माहीत असेलच की."

मी हो हो केलं. कानकोंडी झाले. घरी येऊन चित्रातलं झाकण बंद करून टाकलं.

१८ फेब्रुवारी

बाबांनी पाहिलं.

"बंद केलंस?"

मी म्हटलं, बाबा, तसंच असतं.

"हो. तसंच असतं."

जेवले नाहीत. चोरी पकडली गेली की माणूस असाच गप्प होतो, हे माझ्या मनात आलं आणि मला थोडा आनंदही झाला. का झाला, कोण जाणे.

पण एक खटकतंय. ते बूट! त्यांनीच सांगितलेले, मापाने मोठे, नाड्या सैल — पाण्यात पडलो तर झटकून टाकता यावेत म्हणून. वर मेणकापडाचा कोट, डावा खिसा फाटलेला. थापा मारणारा माणूस फाटका खिसा कशाला सांगेल?

१९ फेब्रुवारी

 कामाला हात लागला नाही.

२१ फेब्रुवारी

सकाळी बाबा आपणहून माझ्या कामाच्या खोलीत आले. दार सताड उघडं ठेवून बसले.

"मी सुकाणूवाला नव्हतो. टेहळणीला होतो. आम्ही दोघं. डुबकीचा हुकूम सुटला, तो आधीच उतरला, शेवटचा मीच, असं समजून झाकण ओढलं. तो मागे राहिला होता. खाली पोचलो तेव्हा वरून ठोकल्याचा आवाज आला. उघडायचा हुकूम नव्हता."

मला रडू फुटलं. त्यांना नाही.

मग मी कामाला लागले. खोलीचा काटा शून्यावर आणला — पाणबुडी अजून पाण्यावरच. पेरिस्कोप खाली घेतला, कप्तानाची मान शिडीकडे वळवली. झाकण उघडलं. शिडीवर बूट रंगवले, नाड्या सैल. हल्ल्याचा नाही, डुबकीआधीचा क्षण, असं मिशीवाल्यांना कळवलं. त्यांना एकही चूक सापडणार नाही.

बाबा बुटांकडे नाही, त्या काट्याकडेच बघत बसले होते.

"शून्यावर आहे ना? मग वेळ आहे अजून."