मशीनसमोरची खिडकी

बाबा,

मी आर्किटेक्टबाईंकडे जातेय, चारपर्यंत येते. जेवण झाकून ठेवलंय, पण गार खाऊ नका.

नव्या घराच्या नकाशावर तुम्ही शिवणाच्या खोलीतली मोठी खिडकी खोडून शेजारी ‘खर्च कमी’ लिहिलेलं सकाळी पाहिलं. बाबा, बाईंनी दिलेला आकडा हा पहिला ढोबळ अंदाज आहे. घराचं क्षेत्रफळ गुणिले चौरस फुटाचा दर, बस. त्यात खिडक्या कुणी मोजलेल्याच नाहीत. एक खोडली काय नि दहा खोडल्या काय, आकडा तोच राहतो. पुढे तो वीस टक्के तरी हलेल, आणि कुंपण त्यात धरलेलंच नाही. खरंच कमी करायचं असेल तर व्हरांडा लहान करू.

ती खिडकी आईने मशीनसाठी हट्टाने मागून घेतली होती. आता तिथली रिकामी खुर्ची तुम्हाला बघवणार नसेल, तर तसं सांगा. मी भिंत घालायला सांगेन. पण खर्चाचं नाव नको. आज मी बाईंशी यातलं काही बोलणार नाही.

मशीनच्या सुईखाली तिचं अर्धं शिवलेलं कापड तसंच आहे. ते मलाही अजून काढवलेलं नाही.