न वाचलेला अर्ज

८ जानेवारी

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मला आता निम्मंच ऐकू येतं आणि ओरडून सांगितलेली खुशाली मला नको. म्हणून तू कागदावर लिहितेस हे चांगलं करतेस. अक्षर मात्र घसरलंय. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये असतीस तर सिस्टरने बोटांवर पट्टी ओढली असती.

तर तुम्ही दोघांनी अर्ज धाडले. एकाच विद्यापीठात, एकाच विभागात, एकाच पदवीसाठी, आणि जागा म्हणे चारच! अगं, नवरा-बायकोला भांडायला घर अपुरं पडलं का? आयुष्यभर मी वॉर्ड सांभाळले, पण एका खाटेवर दोन पेशंट कधी निजवले नाहीत. लग्न झाल्यावर दोघांत मिळून एकच ईमेल काढलात, तेव्हाच मी म्हटलं होतं की हे जरा अतीच होतंय. माणसाला स्वतःची म्हणून एक पेटी असावी, मग ती लोखंडी असो की कसलीही.

जावईबापू हुशार आहेत, स्वभावाने लोण्यासारखे आहेत, सगळं मान्य. पण लहान मुलांच्या कृत्रिम पायाचा विचार तुझा आहे. मूल वाढतं, पाय तोकडा पडतो, जुना टाकून द्यावा लागतो आणि पोरगं त्या टाकलेल्या पायासाठी रडतं. मुलाबरोबर वाढणारा पाय करायचा, हे तू कार्यशाळेत कामाला लागलीस तेव्हापासून सांगते आहेस. इतक्यांदा ऐकलंय की आता मीच बनवून देईन. तुझ्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं मला खपणार नाही, मग तो माझा जावई का असेना.

खारुटीला पापा. तिच्या आईला तूर्त फक्त आशीर्वाद.

तुझी,
मावशी

२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न.

तुझी पट्टी लागली. आज बोटं जपून लिहिते आहे.

उत्तरं मार्चमध्ये येतील असं कळलंय, पण घरात मार्च आत्ताच सुरू झालाय. सकाळी दूध तापत असतं तेव्हा मी फोन बघते. हा दाढी करताना बघतो. मग दोघंही काही बघितलंच नाही असा चेहरा करून चहा पितो. कार्यशाळेत तो पट्टे आणि सांधे बसवतो आणि मी शेजारच्या बाकावर प्लास्टरचे साचे घासत असते. मध्येच एकाचा फोन वाजला की दुसऱ्याचा हात थांबतो. फोरमन म्हणाला की तुम्ही दोघं कुणाच्या बाळंतपणाची वाट बघताय का.

आमचं ठरलंय. ज्याला प्रवेश मिळेल त्याने जायचं आणि दुसऱ्याने खारुटीला घेऊन इथे राहायचं. दोघांना मिळाला तर तिला उचलून तिघांनी जायचं. कुणालाच नाही मिळाला तर रुसायचं नाही. त्याला वाटतं मलाच मिळेल, मला वाटतं त्यालाच. इतक्या सभ्यपणे एकमेकांना पुढे करतो की दारातून कुणीच आत जात नाही.

खारुटी तर स्टुलावर उभी राहून बाहुल्यांचे निकाल लावते. अस्वलाला नाकारलं, कारण त्याने कान धुतले नव्हते. माझ्याकडे बघून म्हणाली की आई, तू कान धू.

खरं सांगू? मला फार हवंय गं. त्याच्यासमोर म्हणत नाही, कारण मग त्याला मिळालं तर त्याला हसता येणार नाही. तुला म्हणते.

तुझी,
बेबी

१४ फेब्रुवारी

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

हवंय तर हवंय म्हण. तोंडात धरून ठेवलेल्या इच्छेने माणसाचे दात किडतात. तुझी आई अशीच होती. सगळ्यांना वाढून झालं की रिकामं पातेलं खरवडायची आणि वर सांगायची की मला भूकच नव्हती. ती गेली तेव्हा मला तिचा पहिल्यांदा राग आला आणि अजून तो गेलेला नाही.

अस्वलावर अन्याय झालाय असं खारुटीला कळव. त्याला अपील करायला सांग.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

मावशी

२३ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न.

त्याला प्रवेश मिळाला. बारा तारखेला कळलं. मी त्याला साच्याच्या पांढऱ्या हातांनीच मिठी मारली आणि त्याच्या शर्टाच्या पाठीवर माझे पंजे उमटले. फोरमनने सगळ्यांना चहा पाजला. सगळे मला विचारत होते, तुझं काय? मी म्हणाले की येईल.

ते आलं नाही. मी मनात नकाराची तालीम केली होती. कसं वाचायचं, कसं हसायचं, खारुटीला काय सांगायचं, सगळं. पण नकारही येईना. परवा मी विभागात फोन केला. तिथल्या बाईंनी माझं नाव शोधलं, पुन्हा शोधलं आणि म्हणाल्या की या पत्त्यावरून आमच्याकडे एकच अर्ज आहे, तो तुमच्या यजमानांचा.

मग उलगडलं. आमचा ईमेल एकच. माझा अर्ज आधी गेला होता. दोन दिवसांनी त्याने स्वतःचा भरला तेव्हा वेबसाइटने विचारलं की या पत्त्यावर आधीचा एक अर्ज आहे, तो बदलायचा का? त्याचा स्वतःचाच अर्धवट भरलेला एक पडून होता. त्याला वाटलं तोच. त्याने ‘हो’ म्हटलं. माझ्या जागी त्याचा अर्ज गेला. पोच दोन्ही वेळा आली, म्हणून आम्हाला शंकाही आली नाही.

बाई चांगल्या होत्या. त्यांनी वरिष्ठांना विचारलं. जागा भरल्या, आता काही होणार नाही.

मावशी, मला कुणी नाकारलं नाही गं. नकार आला असता तर तो निदान माझा असता. मी पेटीतच पोचले नाही, आणि पेटीपाशी बसून वाट बघत होते.

हा माझ्याशी फार चांगलं वागतो. त्याचाच त्रास होतो.

बेबी

२९ मार्च

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी उठले, घरभर फिरले, शेजारणीवर उगाच ओरडले आणि परत येऊन बसले. एका यंत्राने विचारलं आणि एका माणसाने ‘हो’ म्हटलं, आणि तुझी इतक्या वर्षांची मेहनत पुसली गेली! वॉर्डमध्ये एका पेशंटचा कागद दुसऱ्याच्या खाटेला लागला असता तर मी सगळ्यांना उभं सोलून काढलं असतं. तुझ्या नवऱ्याला मी सध्या काही म्हणत नाही. मी म्हणायला लागले की थांबत नाही.

पण तू गप्प बसायचं नाहीस. जागा मागू नकोस. ज्या प्राध्यापकाच्या हाताखाली शिकायचं होतं त्याला सरळ लिही. सांग की माझा अर्ज असा असा गेला, तुमच्यापर्यंत पोचला नाही, सोबत निबंध जोडला आहे, कृपया वाचा. एवढंच. वाचणं त्याचं कामच आहे. तुझ्या आईसारखं पातेलं खरवडत बसलीस तर मी तुला पुन्हा पत्र लिहिणार नाही.

लिहीन. पण फार वाईट लिहीन.

मावशी

१६ एप्रिल

ती. मावशींस,
सा. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही. दर वेळी तिच्या पत्राच्या शेवटी ‘यांचा नमस्कार’ म्हणून निभावलं. आज मात्र स्वतःच लिहितो.

तुम्ही मला काही म्हणाला नाहीत असं तिने सांगितलं. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी प्रवेश सोडायला निघालो होतो. तसा मजकूरही लिहून काढला होता. तिने वाचला आणि म्हणाली की तू जागा सोडलीस तरी ती मला मिळणार नाही, तिसऱ्याच कुणाला मिळेल आणि मग आपल्या घरात दोन माणसं उपाशी राहतील. तिचं बरोबर आहे. म्हणूनच मला कुठे बघावं कळत नाही.

आम्ही भांडत नाही. पूर्वी पंख्याच्या वेगावरूनही भांडायचो. आता ती म्हणते तुला हवा तसा ठेव, मी म्हणतो तुला हवा तसा. खारुटीने परवा विचारलं की तुम्ही पाहुणे आहात का.

त्या प्राध्यापकांच्या उत्तराची ती वाट बघते आहे आणि मीही. त्यांनी लिहावं की तुम्हाला नक्की घेतलं असतं, असं मला वाटतं. आणि तसं लिहिलं तर मी तिच्यासमोर उभा कसा राहू, असंही वाटतं. ऑगस्टमध्ये जायचं आहे. जाण्याची तयारी मी तिच्या देखत करू शकत नाही.

आपली माया माझ्यावर पूर्वीइतकी नसली तरी थोडी राहू द्यावी.

आपला,
जावई

५ मे

ती. मावशीस,
शि. सा. न.

प्राध्यापकांचं उत्तर आलं. नक्कल सोबत पाठवते आहे.

त्यांनी सगळं वाचलं, मावशी. तिसऱ्या पानावरच्या आकृतीत मी गुडघ्याच्या सांध्याजवळ एक बारीक खीळ दाखवली होती, तिच्याबद्दलही लिहिलंय. माझं अक्षरन्‌अक्षर कुणीतरी खुर्चीत बसून वाचलं. त्यापुढे त्यांनी लिहिलंय की असा सांधा पूर्वी दोन ठिकाणी करून पाहिला गेला आहे, तो मुलांना जड होतो म्हणून सोडून दिला, आणि हे तुम्हाला माहीत असल्याचं निबंधात दिसत नाही. यंदा निवडलेले चौघे याहून तयारीचे होते. अर्ज वेळेत पोचला असता तरी मी तुमचं नाव सुचवलं नसतं. खोटी आशा देणं मला बरं वाटत नाही.

मी ते त्याला वाचायला दिलं. तो वाचत गेला तसे त्याचे खांदे खाली आले. मग तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला, अगदी खारुटीसारखा. संध्याकाळी त्याने भांडी घासताना शीळ घातली. कितीतरी दिवसांनी. मग एकदम थांबला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, घाल की.

मी गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला गेले आणि तिथेच उभी राहिले. आजवर मी मनात म्हणत होते की माझा अर्ज हरवला. आता तेही म्हणता येत नाही. त्याची जागा माझी नव्हतीच. त्याच्या छातीवरचा दगड उतरला याचा मला आनंद आहे, शपथ. पण तो दगड आता कुठे गेलाय हे फक्त तुला कळेल, म्हणून लिहिते.

काल त्याच्या कपड्यांची बॅग मी काढून दिली. फारच जुनी आहे, चेन अडकते.

तुझी,
बेबी

११ मे

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि त्या माणसाच्या पत्राची नक्कल, दोन्ही पोचलं. मी त्याचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं ते त्याच्या नावाने बोटं मोडण्यासाठी. दुसऱ्यांदा चूक शोधायला. तिसऱ्यांदा चूक सापडली नाही आणि मग मला खरा राग आला. कुणावर काढायचा तेच कळेना. इतका सरळ माणूस आहे मेला.

लिही म्हणून मी सांगितलं. सांगायला नको होतं असं मी म्हणणार नाही. तुला वाचलं गेलं पाहिजे होतं. पण वाचणारा इतका खरं बोलेल असं मी धरलं नव्हतं, एवढं लिहून ठेवते.

जावईबापूंना सांग की पत्र मिळालं. मायेचं काय ते मी तोंडावर बोलेन, पण शीळ थांबवू नये म्हणावं. आणि पंख्यावरून भांडावं. ऑगस्टला वेळ आहे, तेवढ्यात चार-दोन बरी भांडणं सहज होतील.

मी शुक्रवारी सकाळच्या गाडीने येते आहे. समजूत काढायला येत नाही. मला ती काढता येत नाही, हे तुझ्या आईला विचारलं असतंस तर तिने सांगितलं असतं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, तो जड सांधा हलका कसा होईल बघ, असलं काहीही मी बोलणार नाही. करायचं तर तू करशील आणि नाही केलंस तरी तू माझीच.

मी येते ती एवढ्याचसाठी की तू रडायला बसशील तेव्हा खारुटीला बाहेर फिरायला नेणारं घरात कुणीतरी हवं. आम्ही दोघी बराच वेळ बाहेर राहू. घाई करू नकोस.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. माझा आहे.

तुझी,
मावशी